कपाशीत चवळी, मका, झेंडू कुठे, कधी आणि कशासाठी लावायचा : किडी आणि मित्रकिडींचा हिशोब समजून घ्या

मिश्र पीक लावा, आंतरपीक घ्या, किडी कमी येतात, हे आपण सगळ्यांनीच कृषी मेळाव्यात ऐकलेलं असतं. पण का कमी येतात ते कुणी नीट सांगत नाही, त्यामुळे लोक चार झाडं झेंडूची धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावतात, कीड येते ती येतेच, मग म्हणतात हे सगळं पुस्तकी आहे. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय. कपाशीचं उदाहरण घेतलंय कारण विदर्भ-मराठवाड्यात सगळ्यात जास्त फवारणी आपण त्याच पिकावर करतो, आणि २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर गेले ते आपण विसरू शकत नाही. एक फवारणी जरी वाचली तरी ती नुसती पैशाची बचत नसते.

आधी कीड पीक कसं शोधते ते बघू. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, बोंडअळीचा पतंग, हे सगळे वासावर, रंगावर आणि पानाला टेकल्यावर लागणाऱ्या चवीवर झाड ओळखतात. दहा एकर सलग पऱ्हाटी (कपाशी) असली की त्यांना शोधायचं कामच उरत नाही, एका झाडावरून उडालं की दुसरं झाड तेच, तिथेच राहायचं, तिथेच अंडी घालायची, पिढ्यामागून पिढ्या. मध्ये मध्ये दुसऱ्या कुळातली झाडं असली की वास मिसळतो, कीड चुकीच्या पानावर उतरते, दोन-तीनदा असं झालं की ती रान सोडून पुढे जाते किंवा वाटेतच कुणाच्या तरी तोंडी लागते. जत्रेत आपला माणूस शोधायला जसा वेळ लागतो तसं होतं ते.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या रिचर्ड रूट यांनी हे कोबीच्या कुळातल्या कोलार्ड नावाच्या भाजीवर तपासलं होतं, त्यांचा लेख १९७३ चा आहे. एकीकडे सलग कोलार्ड, दुसरीकडे तीच भाजी पण आजूबाजूला गवत आणि रानटी झाडं. सलग वाफ्यात किडींचा भार जास्त निघाला. त्यांनी यामागे दोन कारणं मांडली आणि आजही शास्त्रज्ञ याच दोन कारणांभोवती बोलतात. एक म्हणजे वर सांगितलं ते, की एकाच झाडाची गर्दी झाली की त्यावर जगणारी कीडही तिथे गर्दी करते. दुसरं म्हणजे झाडांचे प्रकार जास्त असले की किडीला खाणारे जास्त टिकतात, कारण त्यांना वर्षभर काही ना काही खायला आणि लपायला मिळतं. रूट यांच्या त्या प्रयोगात पहिलं कारण जास्त भारी पडलं होतं. नंतर मिनेसोटात सीडर क्रीकला एका प्लॉटमध्ये १ पासून १६ जातींपर्यंत गवतं आणि रानफुलं लावून वर्षानुवर्षं किडे मोजले, तिथे दुसरं कारणही ठळक दिसलं, जाती कमी तिथे झाडं खाणाऱ्या किडींचं राज्य आणि जाती जास्त तिथे शिकारी कीटकांचं पारडं जड.

आता आपल्या कामाचं. ही दोन्ही कारणं आपोआप लागू होत नाहीत. नुसतं "खूप प्रकार" लावून उपयोग नाही, कोणता प्रकार, कुठे आणि मुख्य म्हणजे कधी, यावर सगळा खेळ आहे. कपाशीवर कीड यायच्या आधी शिकाऱ्याचं जेवण शेतात तयार पाहिजे. हे एवढं डोक्यात ठेवलं की बाकीचं सगळं त्यातूनच येतं.

चवळीपासून सुरू करू, कारण तिचं काम लोकांना सगळ्यात उलटं वाटतं. चवळीवर काळा मावा येतो, भरपूर येतो, शेंड्यावर थर बसतो आणि बघून माणूस घाबरतो, म्हणतो ही तर कीड मीच बोलावून आणली. पण चवळीवरचा काळा मावा हा मुख्यतः शेंगवर्गीय झाडांवरचा मावा आहे, कपाशीवरचा हिरवट-पिवळा मावा वेगळ्या जातीचा. म्हणजे चवळीवरचा मावा उठून कपाशी फस्त करेल असं होत नाही. पण ढालकिडा म्हणजे लेडीबर्ड भुंगा, त्याला मावा कुठलाही चालतो. तो चवळीवर येतो, पिवळी अंडी घालतो, अळ्या निघतात, वाढतात, आणि कपाशीवर मावा दिसायला लागेपर्यंत तुमच्या रानात ढालकिड्यांची एक पिढी तयार झालेली असते. चवळी लावली नाही तर हेच ढालकिडे मावा आल्यानंतर बाहेरून येणार, तोपर्यंत पानं चिकट झालेली असतात आणि तुम्ही पंप उचललेला असतो.

आणि प्लीज, चवळीवरच्या माव्यावर औषध मारू नका. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. चवळी शेंगांसाठी लावलीय की ढालकिड्यांसाठी ते आधी ठरवा, शेंगा मिळाल्या तर वरकमाई समजा.

चवळीचा अजून एक फायदा म्हणजे तिच्या फुलांच्या देठाजवळ गोड रस पाझरतो, फूल उमलायची वाट न बघता मुंग्या आणि बारीक गांधीलमाश्या तो प्यायला येतात. एरंडीच्या पानाच्या देठावरही अशा गाठी असतात. बोंडअळीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालणारी ट्रायकोग्रामा नावाची माशी एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते, तिला खोल फुलातला मध पितच येत नाही, तिला असा उघडा रस किंवा कोथिंबीर, बडीशेप, शेपू यांच्यासारखी उथळ बारीक फुलं लागतात. म्हणून धुऱ्याला मोठी दिखाऊ फुलं लावण्यापेक्षा कोथिंबीर मोकळी सोडून फुलोऱ्यावर येऊ द्या, ती जास्त कामाची.

क्रायसोपाचं पण असंच. हिरवा नाजूक जाळीदार पंखांचा किडा, रात्री दिव्यावर येतो, त्याची अळी मावा, तुडतुड्यांची पिल्लं, बोंडअळीची अंडी असं मिळेल ते खाते, पण त्यातल्या बऱ्याच जातींचा मोठा झालेला किडा स्वतः शिकार करत नाही, तो पराग आणि मधावर जगतो. म्हणजे फुलं नसतील तर तो अंडी घालायला थांबणार कशाला. मका आणि ज्वारीचा तुरा हे परागाचं कोठार आहे, शिवाय ज्वारी-मक्यावर त्यांचा स्वतःचा मावा येतो आणि तोही कपाशीवर जाणारा नाही.

आता एका एकरात हे बसवायचं कसं. चारी बाजूंनी ज्वारी किंवा मक्याच्या दोन ओळी, दाट. जमलं तर कपाशीच्या आठ-दहा दिवस आधी, कारण ही भिंत कपाशीपेक्षा उंच झाली तरच उडत येणाऱ्या पांढऱ्या माशीला आणि माव्याला अडथळा होतो, कपाशीच्या मागून उगवलेली भिंत नावालाच. मका की ज्वारी यात माझं मत ज्वारीकडे आहे, २०१८ पासून मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आलीय आणि ज्या भागात तिचा जोर आहे तिथे मक्याची काळजी घेण्यातच तुमचा वेळ जाईल. ज्वारीच्या ताटांवर पक्षी येऊन बसतात, कोतवाल, साळुंकी, आणि ते अळ्या उचलतात.

आतमध्ये कपाशीच्या दर आठ-दहा ओळींनंतर तुरीची एक किंवा दोन ओळी, हे आपल्याकडे पूर्वीपासून आहेच, आजोबा लोक कृषी विद्यापीठ निघायच्या आधीपासून लावत होते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने कपाशी, ज्वारी, तूर, ज्वारी अशी ६:१:२:१ ओळींची पद्धत सांगितलेली आहे, ती ज्यांना यंत्राने डवरणी करायची त्यांना सोयीची पडते. ज्यांची जमीन हलकी आहे त्यांनी कपाशीच्या दोन ओळींमध्ये मूग किंवा उडीद घ्यावा, साठ-पासष्ट दिवसांत निघतो, तोपर्यंत त्याच्यावर वाढलेले ढालकिडे आणि कोळी कपाशीवर सरकतात. फक्त मूग एकाच दिवशी सगळा उपटू नका, अर्धा आज, अर्धा चार-पाच दिवसांनी, म्हणजे त्यांना शेजारच्या पऱ्हाटीवर जायला वेळ मिळतो.

चवळी ज्वारीच्या आतल्या अंगाने एक ओळ, आणि रान मोठं असेल तर मधूनही एखादी. कपाशीसोबतच त्याच दिवशी टोबून घ्या. पाऊस लांबला म्हणून चवळी महिनाभर उशिरा लावली तर कपाशीचा आणि चवळीचा मावा सोबतच येणार, मग त्या चवळीचा उपयोग अर्धाच.

झेंडूचं वेळापत्रक वेगळं आहे आणि बहुतेक जण इथेच फसतात. झेंडू हे सापळा पीक आहे, हिरव्या म्हणजे अमेरिकन बोंडअळीचा मादी पतंग त्याच्या कळ्या-फुलांवर अंडी घालतो. पण कपाशीला पाती, म्हणजे फुलाच्या कळ्या, लागतात तेव्हा झेंडूला कळ्या असल्या तरच. कपाशीला साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत पाती दिसायला लागतात, झेंडू बियांपासून फुलावर यायला दोन महिन्यांच्या आसपास घेतो, म्हणून झेंडूची रोपं कपाशी लावायच्या दोन-तीन आठवडे आधीच गादीवाफ्यावर टाकावी लागतात. टोमॅटोसाठी बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने हेच वयाचं गणित वापरलंय, २५ दिवसांची टोमॅटोची रोपं आणि ४० दिवसांची झेंडूची रोपं एकाच वेळी लावायची, १६ ओळी टोमॅटोला १ ओळ झेंडू. म्हणजे झेंडू वयाने मोठा पाहिजे हे पक्कं.

आणि सापळा लावला तर तो तपासावा लागतो हो. झेंडूत अळ्या झाल्या आणि तुम्ही फुलं तोडून नष्ट केली नाहीत तर तुम्ही अळ्यांची नर्सरी चालवताय. आठवड्यातून दोनदा फेरी मारा, अळी लागलेल्या कळ्या तोडून साबणाच्या पाण्यात टाका. चांगली फुलं दसरा-दिवाळीला विकली जातात ते वेगळं.

एरंडी पण सापळाच, पण दुसऱ्या अळीचा. तंबाखूवरची पानं खाणारी अळी, तिचा पतंग एरंडीच्या पानाखाली अंड्यांचा पुंजका घालतो, लहान अळ्या एकत्र राहून पानाची जाळी करतात, ते पान लांबूनच ओळखू येतं, तोडलं की शेकडो अळ्या एका झटक्यात गेल्या. धुऱ्यावर दहा-बारा पावलांवर एक एरंडी पुरते.

काय लावू नये तेही सांगतो, कारण विविधता म्हटलं की लोक घरच्या भाजीसाठी भेंडी आणि अंबाडी कपाशीतच टाकतात. भेंडी, अंबाडी, कपाशी ही एकाच कुळातली. तुडतुडे, पांढरी माशी, ठिपक्यांची बोंडअळी यांना भेंडी म्हणजे कपाशीइतकंच आवडीचं घर आहे, आणि गुलाबी बोंडअळीसुद्धा भेंडी-अंबाडीवर जगू शकते. हे कीड दुप्पट करणं झालं. काही ठिकाणी भेंडी सापळा म्हणून सांगतात, रोजच्या रोज फळं तोडायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. धुऱ्यावरचं तणही सरसकट चांगलं नसतं. गाजरगवत आणि पेटारी, रानभेंडी काढून टाका, गाजरगवतावर पिठ्या ढेकूण वाढतो आणि तिथून कपाशीत उतरतो. दगडी पाल्यासारखी बारीक फुलांची झाडं मात्र राहू द्या. तणनाशक मारून धुरा पिवळा करून टाकला की गाजरगवतासोबत गांधीलमाशीचं जेवण आणि कोळ्याचं घर पण गेलं.

पिठ्या ढेकणावरून आठवलं. २००६-०७ च्या सुमारास हा कपाशीत जोरात पसरला होता, लोकांनी काय काय फवारलं, आणि शेवटी त्याला मोठ्या प्रमाणात आवरलं ते एनासियस नावाच्या चिमुकल्या माशीने, जी ढेकणाच्या अंगातच अंडं घालते. ज्या रानात जहाल औषधं कमी तिथे तिला राहायला जागा मिळाली.

फवारणीवर आलोच आहे तर थोडं थांबतो. वरचं सगळं करून पहिल्या महिन्यातच तुम्ही एक स्ट्राँग औषध मारलं तर केलेलं सगळं पाण्यात. बीटी कपाशीचं बियाणं बहुतेक वेळा रसशोषक किडींच्या औषधाची प्रक्रिया करूनच येतं, त्याचा असर तीन-चार आठवडे राहतो, म्हणून सुरुवातीला फवारायची गरजच नसते. पहिले साठ दिवस रासायनिक टाळता आलं तर मित्रकिडींचा पाया बसतो. कृषी केंद्रात "सोबत हे पण मारून घ्या" म्हणून टॉनिकसोबत कीटकनाशक देतात, ते घेऊ नका. विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉईड गटातली औषधं लवकर मारली की ढालकिडे-क्रायसोपा मरतात आणि पांढरी माशी उलट वाढते.

मारायचं की नाही हे डोळ्याने ठरवा. आठवड्यातून एकदा सकाळी, एकरात वेगवेगळ्या जागी वीस झाडं, प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं, खालचं अशी तीन पानं उलटी करून बघा. सरासरी एका पानावर मावा १०, तुडतुडे २ ते ३, फुलकिडे १०, पांढऱ्या माशीचे प्रौढ ८ ते १०, याच्या खाली असाल तर पंप ठेवून द्या. त्याच वहीत मित्रकिडीही लिहा, ही सवय फार कमी लोकांना आहे. दोन शत्रूकिडींमागे एक मित्रकीड दिसत असेल तर साधारण थांबायला हरकत नसते. माव्याच्या बाबतीत हे प्रमाण जरा ढिलं धरा, कारण ढालकिड्याची एकच अळी दिवसाला डझनावारी मावा खाते.

पण मित्रकीड ओळखता आली पाहिजे ना. ढालकिडा मोठा झाला की सगळे ओळखतात, त्याची अळी मात्र काळपट, काटेरी, मगरीसारखी लांबट, त्यावर केशरी डाग, आणि लोक हिलाच नवीन कीड समजून फोटो काढून दुकानात दाखवतात. क्रायसोपाचं अंडं केसासारख्या देठावर टांगलेलं असतं. मावा फुगून तपकिरी, कडक झालेला दिसला तर तो आतून गांधीलमाशीच्या अळीने खाल्लेला आहे, तशी पानं तोडू नका. कपाशीच्या फुलावर घिरट्या घालणारी, मधमाशीसारखी दिसणारी पण दोनच पंखांची सिरफिड माशी, तिची पाय नसलेली चपटी अळी माव्यातच लोळत असते. आणि मातीची घरटी बांधणारी कुंभारीण माशी अळ्या उचलून नेते, गोठ्यातली तिची घरटी पाडू नका.

मर्यादा ओलांडलीच तर आधी पाच टक्के निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळीचा चुरा दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून मिसळायचा आणि एकूण शंभर लिटर करायचं. संध्याकाळी फवारा. चवळी आणि ज्वारीच्या ओळी सोडून फवारा, तिथे मित्रकिडींना आसरा राहू द्या.

आता ज्याला हे सगळं लागू पडत नाही ती गोष्ट, गुलाबी बोंडअळी. ही जवळपास कपाशीवरच जगते, अंड्यातून निघाली की काही वेळातच पातीत किंवा बोंडात शिरते आणि आत गेली की ढालकिडा तिथे पोचत नाही. बोलगार्ड दोन या बीटी कपाशीलाही ती दाद देत नाही हे २०१७ ला आपण भोगलं. चवळी-झेंडू लावून गुलाबी अळी थांबेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. तिच्यासाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे), सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की पावलं उचलायची, डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली गुलाबासारखी मिटलेली फुलं) दिसल्या की तोडून नष्ट करायच्या, ट्रायकोकार्ड म्हणजे ट्रायकोग्रामा माशीची कार्डं लावायची कारण अंड्याच्या अवस्थेत ती सापडू शकते, आणि डिसेंबरात कपाशी संपवायची. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावर तीच कपाशी पुढे राखणं, ठेवू नका, पऱ्हाट्या धुऱ्यावर रचून ठेवू नका. ट्रायकोकार्डची माशीही फुलं आणि रस असलेल्या रानात जास्त दिवस जगते, एवढाच काय तो इथला संबंध.

ही पद्धत कुठे पार टोकापर्यंत नेलीय ते बघायचं तर केनिया. आपल्या ज्वारी-मक्यावरचा खोडकिडा आशियातूनच आफ्रिकेत गेला आणि तिथे मोठा शत्रू झाला. तिथल्या इसिपे संस्थेने नव्वदच्या दशकात शेतकऱ्यांसोबत एक रचना बसवली, मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम नावाचं शेंगवर्गीय गवतासारखं पीक, ज्याच्या वासाने पतंग दूर जातो, आणि शेताच्या कडेने नेपिअर गवत, ज्यावर तो अंडी घालतो पण अळ्या बहुतेक मरतात. डेस्मोडियममुळे मक्याच्या मुळांवर जगणारं स्ट्रायगा तण पण दबतं आणि दोन्ही गवतं जनावरांना चारा. म्हणजे प्रत्येक झाडाला नेमून दिलेलं काम आहे, एकही झाड उगाच नाही.

कपाशी निघाल्यावर तूर उभी असते, तिच्यावर हिरवी अळी असते, तीच हरभऱ्यावरची घाटेअळी, आणि तिचे शिकारीही. तिथेच बाजूला हरभरा पेरणार असाल तर हरभऱ्याच्या दर काही ओळींनंतर कोथिंबिरीची एक ओळ टाका, तिच्या फुलोऱ्यावर कॅम्पोलेटिस नावाची माशी येते जी घाटेअळीच्या लहान अळीत अंडं घालते. बियाण्यात मूठभर ज्वारीही मिसळा, विरळ उगवलेली ती ताटं पक्ष्यांना बसायला होतात. आणि कोथिंबिरीची पेरणी हरभऱ्यासोबतच करा, मागाहून नाही, फुलोरा आणि घाटे लागायची वेळ जुळली पाहिजे.